रबरी हात आणि लपणारी सुई

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. नुसता हात. खांद्यापाशी मी सुरू होतो आणि बोटांपाशी संपतो. माझ्यामागे माणूस नाही, आणि कधी नव्हताही. तेव्हा माझ्यासाठी कुणी हळहळायचं कारण नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यातून झाला. आधी आतला कडक गाभा, त्यावर शिरा म्हणून बारीक रबरी नळ्या, आणि सगळ्यावर मोजा चढवावा तशी मऊ कातडी. ज्या कारागिराने माझं कोपर घडवलं, त्याने तिथे दोन-चार सुरकुत्याही कोरल्या. त्यांची काही गरज नव्हती. पण त्यामुळे मी अगदी नवा असतानाही वयस्कर दिसत असे, आणि रुग्णालयात आल्या आल्या माझं नाव पडलं, ‘आबा’.

माझं काम सोपं होतं. सलाईन लावायला शिकणाऱ्या मुलींनी आधी मला टोचायचं आणि मग माणसाला. वरच्या खुंटीला लाल पाण्याची पिशवी टांगायची, ते पाणी माझ्या नळ्यांतून खेळवायचं. सुई नेमकी शिरेत गेली तर तिच्या मागच्या चिमुकल्या डबीत लाल थेंब चमकतो. चुकली तर काहीच दिसत नाही. मला दुखत नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. माझ्यात दुखणारं काही बसवलेलंच नाही. तरीही मुली मला सांगून टोचायच्या. “आबा, टोचते हं.” “आबा, रागावू नका, शीर निसटली.” एकीने तर सराव संपल्यावर माझ्या कोपरावर कापसाचा बोळा दाबून धरला होता. बाकीच्या हसल्या तेव्हा ती म्हणाली, “हसा हसा. सवय लागायला नको का?”

कुणाचा हात थरथरता, कुणाचा धीट. कुणाची सुई तिरकी, कुणाची नीट. सगळ्या आल्या, शिकल्या आणि वॉर्डात गेल्या.

आता त्या सुईबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सलाईनची सुई एकटी नसते. तिच्या अंगावर एक मऊ, पातळ नळी घातलेली असते. सुई वाट काढते आणि नळी तिच्यावरून सरकत शिरेत जाते. नळी आत पोचली की सुईचं काम संपलं, तिला मागे ओढून घ्यायचं. रुग्णाच्या हातात राहते ती फक्त नळी. पण बाहेर आलेली सुई रक्ताने ओली असते आणि तिची धार तशीच जागी असते. ती डब्यात पडेपर्यंतचा वेळ अगदी थोडा. त्या थोड्या वेळात कुणाचं लक्ष तिच्याकडे नसतं.

माझ्यावर शिकून गेलेल्यांत एक मुलगी पुढे फार नावाजली. आज ती मुलगी राहिली नाही. केस पांढरे झाले, चष्मा आला आणि सगळं रुग्णालय तिला मोठ्या सिस्टर म्हणू लागलं. मीही तसंच म्हणतो. दुसऱ्या वॉर्डात एखाद्याची शीर सापडेनाशी झाली की निरोप यायचा, “मोठ्या सिस्टरना पाठवा.” त्या जायच्या, दंडाला पट्टा बांधायच्या, बोटाच्या टोकाने कातडीवर थोडं चाचपायच्या आणि एकाच टोचणीत काम करून परत यायच्या. पाहणारे तोंडात बोटं घालायचे.

त्यांची एक लकब होती. डबीत लाल थेंब दिसला रे दिसला की त्यांची तर्जनी सुईच्या पाठीवरून मागे सरकायची आणि सुईला जागच्या जागी दाबून धरायची. मग अंगठा नळी पुढे ढकलायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यावर सराव करता करता त्यांच्या बोटाने ते स्वतःच शोधून काढलं होतं. पुढे त्या ज्यांना ज्यांना शिकवत गेल्या, त्या सगळ्यांच्या हातात ते बोट आपोआप उतरलं, जसं आईचं चालणं लेकीच्या पायात उतरतं. वॉर्डातल्या नर्सेस त्याला ‘सिस्टरांचं बोट’ म्हणायच्या.

मग रुग्णालयात शिकायला येणाऱ्या मुली कमी झाल्या आणि मी कपाटात गेलो. तिथे माझ्या शेजारी रक्तदाब मोजायचं एक मोडकं यंत्र होतं आणि चाकं निखळलेलं एक स्टूल. धूळ बसली. लाल पाणी कुणी पूर्ण काढलं नव्हतं, ते नळ्यांत सुकलं आणि एक शीर कायमची बंद झाली. दिवस गेले. अडगळीत दिवस कसे जातात याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

कपाट उघडायची ती एकटी मावशी. मावशी म्हणजे वॉर्डातल्या खाटा, चादरी आणि बातम्या यांची मालकीण. फडकी घ्यायला ती कपाटाशी यायची आणि फडकी झटकता झटकता स्वतःशीच बोलायची. तिच्या तोंडून मला धाकटीचं कळलं.

धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत लहान नर्स. मोठ्या सिस्टरांची लाडकी. सिस्टर म्हणायच्या, “हिचा हात माझ्यासारखा आहे. मी रिटायर झाले तरी वॉर्डाला कळणार नाही.” एके दिवशी सकाळच्या गडबडीत धाकटी एका रुग्णाची सुई मागे ओढत होती. रुग्णाने दचकून हात झटकला आणि ती रक्ताची सुई धाकटीच्या तळव्यात रुतली. हात धुतला, तपासण्या झाल्या, रक्तातून काही आजार लागू नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं. आईला तिने सांगितलं, “पित्त झालंय.” अखेर सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मैत्रिणींचा जीव भांड्यात पडला.

पण धाकटीने त्यानंतर सुई हातात धरली नाही. औषधं दे म्हणा, देईल. मलमपट्टी म्हणा, करील. कुणी नको म्हणेल ते काम आनंदाने अंगावर घेईल. फक्त सलाईन लावायची वेळ आली की म्हणायची, “तू लावतेस का? मी तुझ्या खाटा बघते.” मैत्रिणी समजून घ्यायच्या. मोठ्या सिस्टरांना वाटायचं, पोरगी थोडी घाबरली आहे, होईल सरळ.

अशातच एक दिवस मला बाहेर काढलं गेलं. धूळ पुसली, नळ्या धुतल्या आणि मला वॉर्डाच्या ड्रेसिंगच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलं. दार उघडं असलं की तिथून समोरच्या खाटा दिसतात. वॉर्डात नवी सुई आठवडाभर वापरून बघायची होती. मोठ्या सिस्टर हो म्हणाल्या तरच ती सुई घ्यायची, असं वरून ठरलं होतं.

सुया बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी खोका घेऊन आली. तिने सगळ्यांना माझ्याभोवती उभं केलं. “ही बघा. पाठीवर हे पांढरं बटण आहे. नळी शिरेत गेली की बटण दाबायचं.” तिने दाबलं. टक! सुई मागच्या आवरणात अशी गडप झाली, जसं कासवाने डोकं आत ओढून घ्यावं. “झालं. आता ती कुणालाही टोचू शकत नाही.”

धाकटी दारात उभी होती. ती दोन पावलं आत आली आणि तिने ते बंद आवरण हातात घेऊन उजेडात धरलं. सुईशी संबंधित काही तिने हातात घ्यायची त्या दुखापतीनंतर ती पहिलीच वेळ होती. ती म्हणाली, “ही आपल्याकडे येणार?”

“मोठ्या सिस्टर हो म्हणाल्या तर,” कंपनीची मुलगी म्हणाली.

मग सराव सुरू झाला आणि एक विचित्र गोष्ट घडली. पहिलीने टोचलं. लाल थेंब दिसला आणि लगेच टक! सुई पळाली, नळी अजून बाहेरच. दुसरीने टोचलं, टक! तिसरीचंही तेच. सुईवाचून ती मऊ नळी शिरेत शिरेना, नुसती वाकायची. कंपनीची मुलगी गोंधळली. “असं काय करताय? इतर ठिकाणी असं होत नाही हो.”

दाराबाहेरून मावशी ओरडली, “आत मक्याच्या लाह्या भाजताय की काय?”

मित्रांनो, कारण मला दिसत होतं, पण मला तोंड नाही. जिथे सिस्टरांचं बोट मागे सरकून दाबायचं, नेमकं तिथेच ते पांढरं बटण होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी ती सुई समोरच्याच खाटेवरच्या आजींना लावायची ठरवली. आजींच्या शिरा फार नाजूक होत्या. पण त्यांचा मोठ्या सिस्टरांवर पूर्ण विश्वास.

“आजी, नवीन सुई आलीय. लावू का?”

“नवी सून असो की नवी सुई, मी आधी बघून घेते,” आजी म्हणाल्या. त्यांनी डोळे बारीक करून सुई पाहिली. “दिसायला बरी आहे. लावा.”

सगळ्या नर्सेस जमल्या. सिस्टरांनी टोचलं. थेंब दिसला. तर्जनी सरकली. टक!

“झालं?” आजींनी विचारलं.

“नाही आजी. एकदा अजून.”

पुन्हा तेच. आजींच्या हातावर निळं टेंगूळ आलं. त्या हळूच म्हणाल्या, “सिस्टर, आज माझा हात तुमच्यावर रुसला वाटतं.” मोठ्या सिस्टरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी शांतपणे जुनी सुई मागवली. एकाच टोचणीत काम झालं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“बघितलंत?” सिस्टर म्हणाल्या. “ही खेळणी आपल्याला नकोत. कंपनीवाली आली की तिला सांगते, खोका उचल.”

धाकटीने टाळी वाजवली नव्हती. तिने नव्या सुयांचा ट्रे उचलला, माझ्या खोलीत आणून ठेवला आणि निघून गेली.

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर हात धुवायला तिथे आल्या. मागोमाग मावशी आली, फरशी पुसायच्या निमित्ताने. ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिली.

“काय म्हणायचंय ते म्हण,” सिस्टर म्हणाल्या.

“मी कशाला काय म्हणू? मी आपली फरशी पुसते.”

“मावशी.”

“पोरगी औषधांच्या भांडारात बदली मागतेय. खोके मोजत बसणार. नवी सुई येतेय कळल्यावर म्हणाली होती, थांबते. आता जाईल.”

सिस्टरांनी नळ बंद केला. “मला का नाही कुणी सांगितलं?”

“सांगणार होते. पण तुम्ही टाळ्या घेत होता ना.”

मावशी बादली उचलून गेली. मोठ्या सिस्टर ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुसले, दार लावलं आणि ट्रेमधली एक सुई उचलली. त्या माझ्याजवळ बसल्या. मुलगी असताना बसायच्या तशाच.

टक!

त्यांनी दुसरी घेतली. टक! त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, जसं आपल्याच मुलाने शेजाऱ्याची काच फोडल्यावर आई पाहते. मला वाटतं, त्यांना तेव्हा कळलं. दोष सुईचा नव्हता, आजींच्या हाताचाही नव्हता. पण कळलं म्हणून बोट ऐकतं असं नाही. त्या पुटपुटायच्या, “मागे जायचं नाही, मागे जायचं नाही,” आणि थेंब दिसला की बोट जायचं. इतक्या वर्षांची सवय. बोट त्यांना न विचारता जायचं.

अखेर त्यांनी दार उघडलं आणि हाक मारली, “धाकटे, जरा इकडे ये.”

धाकटी आली, पण टेबलापासून लांब उभी राहिली.

“माझं हे बोट धर,” सिस्टर म्हणाल्या.

“काय?”

“अगं, हे माझं ऐकत नाही. थेंब दिसला की पळतं. तू धरून ठेव. मागे जाऊ देऊ नकोस.”

“सिस्टर, मी सुईजवळ...” ती थांबली.

“माहीत आहे मला. आजच कळलं. आधी कळायला हवं होतं.” त्यांनी सुई माझ्या कातडीवर टेकवली. “आबांना टोचतेय. कोरी सुई आहे. आबांना काही होत नाही आणि तुलाही होणार नाही. पण मला एकटीला हे जमत नाहीये, हे खरं.”

धाकटी टेबलापाशी आली. मग तिने स्टूल ओढलं. तिची बोटं गार असावीत, कारण सिस्टर म्हणाल्या, “केवढी गार पडलीयस.” तिने तर्जनीचं टोक चिमटीत घट्ट धरलं. सुई आत गेली. लाल थेंब आला. बोट निघालं.

“कुठे चाललंय!” धाकटी एकदम ओरडली आणि तिने ते जागच्या जागी खेचून धरलं.

दोघी हसल्या. अंगठ्याने नळी पुढे गेली, पूर्ण गेली. “आता सोड,” सिस्टर म्हणाल्या. धाकटीने सोडलं. टक! या वेळी तो आवाज योग्य जागी आला.

त्या बराच वेळ बसल्या होत्या. माझ्या एकाच शिरेवर इतकी छिद्रं पडली की लाल पाणी टेबलावर झिरपू लागलं. शेवटी धाकटीलाच सुचलं. तिने चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि हातमोज्यावरून सिस्टरांची तर्जनी मधल्या बोटाला बांधून टाकली. “तुमचं बोट रोज रोज कोण धरत बसणार?”

“उद्धट,” सिस्टर म्हणाल्या. पण पट्टी त्यांनी काढली नाही.

काही दिवसांनी आजींची नळी बदलायची वेळ आली. मोठ्या सिस्टर बांधलेलं बोट घेऊनच गेल्या.

आजींनी पाहिलं. “तुम्हाला काय झालं आता?”

“काही नाही. बोटाला शिस्त लावतेय.”

“या वयात?”

“या वयातच. पण आजी, मागच्या वेळी माझ्यामुळे तुम्हाला दोनदा टोचलं गेलं. तुम्ही नको म्हणालात तर जुनी लावते.”

आजी विचार करत होत्या. निळा डाग अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी तो हात पांघरुणाखाली घेतला आणि दुसरा पुढे केला. “हा घ्या. हा अजून रुसलेला नाही.”

सिस्टरांनी टोचलं. बांधलेली तर्जनी थोडी वळवळली, पण जागेवरच राहिली. नळी आत सरकली, मग अंगठ्यानेच बटण दाबलं गेलं. आजी म्हणाल्या, “एवढंच?” या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मोठ्या सिस्टरांनी मान वर करून पाहिलंच नव्हतं, त्या पट्ट्या चिकटवण्यात गुंतल्या होत्या.

कंपनीची मुलगी आली तेव्हा सिस्टरांनी तिला माझ्या खोलीतच गाठलं. “सुई चांगली आहे. आमच्या हातांना एक खोड आहे आणि ती माझ्यापासून लागलेली आहे. वॉर्डातली प्रत्येक जण आधी आबांकडे येईल, बोट बांधून. आबांवर नीट जमलं की मगच रुग्णाकडे जाईल. तुमचा खोका राहू दे.”

त्याच दुपारी आजींच्या पलीकडच्या खाटेवर एक आडदांड ट्रकड्रायव्हर आला. सुई पाहूनच त्याला घाम फुटला होता. मोठ्या सिस्टरांनी धाकटीकडे ट्रे सरकवला. धाकटीने स्वतःचं बोट बांधून घेतलं. आठवडाभर तिने माझ्यावर सराव केला होता, सगळ्या घरी गेल्यावर, एकटीने.

“ताई, मला बघवत नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“मग खिडकीकडे बघा. ओरडायचं तर ओरडा. पण हात हलवू नका, एवढं करा माझ्यासाठी.”

तो ओरडला. असा ओरडला की मावशी झाडू टाकून धावत आली. पण त्याने हात हलवला नाही. नळी आत गेली, टक झालं, आणि धाकटीने ते बंद आवरण डब्यात टाकण्याआधी क्षणभर तळव्यावर ठेवलं. त्यात धार उरली नव्हती. मग तिने ड्रायव्हरला विचारलं, “दुखलं का?”

“नाही,” तो ओशाळून म्हणाला. “मी आपलं आधीच ओरडून घेतलं.”

धाकटी भांडारात गेली नाही. माझ्याबद्दल सांगायचं तर माझी कातडी आता चाळणीसारखी झाली आहे आणि तीन शिरा निकामी आहेत. नवी कातडी मागवली आहे म्हणतात. येईल किंवा येणार नाही. तोवर मी टेबलावरच आहे आणि काम झाल्यावर माझ्या नळ्यांतलं पाणी काढून ठेवायला आता कुणीतरी आठवणीने येतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला कधी सलाईन लावावी लागली, तर भीती वाटेल. तुमच्यात दुखणारं बसवलेलं आहे, तेव्हा दुखेलही थोडं. खुशाल रडा, ओरडा, आईचा पदर धरा. फक्त तो एक हात तेवढा स्थिर ठेवा. तुम्हाला टोचणारीही माझ्यासारखी रबराची नसते. तिलाही संध्याकाळी घरी जायचं असतं.